ग्लोबल ऑब्जेक्ट, फेसप्लेट, टेम्प्लेट: स्काडा स्क्रीन बनवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

स्काडा म्हणजे प्लांट कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, बेतोडा, काकोडा, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या कंट्रोल रूममध्ये डोकावा, त्याच्या स्क्रीनवर पंप, वाल्व, मोटर, टाकी हेच गडी परत परत दिसणार. तरी नवीन पोरं एक पंप काढतात, कॉपी मारतात, आतले टॅग (मशीनमधल्या एकेका सिग्नलला किंवा व्हॅल्यूला दिलेलं नाव) एकेक करून बदलत बसतात आणि कमिशनिंगच्या, म्हणजे प्लांट पहिल्यांदा चालवून बघायच्या, दिवशी कळतं की तिसऱ्या पंपावर क्लिक केलं की सातवा सुरू होतोय. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून किंवा पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडून या लाईनीत आलेली मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. उदाहरणं जास्त करून फॅक्टरीटॉक व्ह्यू या स्काडा पॅकेजची आहेत कारण रोजचं काम त्यावर, पण सीमेन्स, इग्निशन, सिटेक्ट या दुसऱ्या पॅकेजवाल्यांचंही मधे मधे येईल.

कॉपी-पेस्ट पण रीयूजच ना? मग ग्लोबल ऑब्जेक्टचं एवढं कौतुक कशाला?

कॉपी-पेस्ट केलं की चाळीस पंपांची चाळीस वेगळी चित्रं होतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये मूळ चित्र एकाच जागी असतं, त्याला बेस ऑब्जेक्ट म्हणतात, आणि स्क्रीनवर जे ठेवता तो त्याचा रेफरन्स असतो. उद्या प्रॉडक्शन मॅनेजर आला आणि म्हणाला की पंपावर रनिंग अवर्स पण दिसायला पाहिजेत, तर बेसमध्ये एकदा टाकलं की चाळीसही ठिकाणी येतं. कॉपी-पेस्टवाला बिचारा चाळीस वेळा करणार, त्यातले अडतीस बरोबर होणार, आणि राहिलेले दोन कुठले ते ऑपरेटर रात्रपाळीत शोधून देणार.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये याला नाव वेगळं का आहे? गोंधळ होतो.

कंपन्यांची हौस, दुसरं काय. रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक व्ह्यूमध्ये ग्लोबल ऑब्जेक्ट, सीमेन्सच्या विनसीसीमध्ये फेसप्लेट, इग्निशनच्या व्हिजनमध्ये टेम्प्लेट तर पर्स्पेक्टिव्हमध्ये एम्बेडेड व्ह्यू, आयफिक्समध्ये डायनॅमो, वंडरवेअर इनटचमध्ये आधी स्मार्टसिम्बॉल होता मग आर्केस्ट्रा सिम्बॉल झाला आणि आता अवेवावाले त्याला इंडस्ट्रियल ग्राफिक्स म्हणतात, सिटेक्टमध्ये जिनी आणि सुपर जिनी. फक्त एक लक्षात ठेवा, ‘फेसप्लेट’ हा शब्द सीमेन्सवाले चित्राच्या टाईपसाठी वापरतात आणि बाकी बरेच लोक क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पॉपअपसाठी, त्यामुळे मीटिंगमध्ये दोन्ही प्रकारचे लोक असले की अर्धा तास वेगवेगळ्याच गोष्टींवर भांडण चालतं.

सुरुवात कुठून करू? आधी मस्त पंपाचं चित्र काढून घेऊ का?

नको. चित्र सगळ्यात शेवटी. आधी पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्राम उघडा आणि बघा की पंप क्रमांक १०१ आणि पंप क्रमांक १०२ यांचे टॅग एकाच मापाचे आहेत का. खरं सांगायचं तर या सगळ्या पानावरचं मुख्य उत्तर हेच आहे, बाकी पुढे जे येतंय ते यातूनच निघतं. एका पंपाचा टॅग ‘पंप१०१.रन’ आणि दुसऱ्याचा ‘मोटर_२_चालू’ आणि तिसऱ्याचा कुठल्यातरी सुट्या इनपुट बिटवर थेट लावलेला, असा प्रकार असेल तर कितीही देखणा ऑब्जेक्ट बनवा, प्रत्येक जागी दहा-बारा टॅग हाताने भरावे लागणार, आणि मग कॉपी-पेस्ट काय वाईट होतं?

म्हणून पीएलसीत आधी यूडीटी बनवा, म्हणजे युझर डिफाइन्ड टाईप. पंप नावाचा एक टाईप, त्यात रन, ट्रिप (बिघाडामुळे आपोआप बंद पडणं), रिमोट, इंटरलॉक (अट पुरी नसेल तर सुरू होऊ न देणारं लॉजिक), रनिंग अवर्स, स्टार्ट कमांड, स्टॉप कमांड असे सगळे मेंबर. मग पंप१०१, पंप१०२ हे सगळे त्याच टाईपचे टॅग. आता ऑब्जेक्टला बाहेरून एकच गोष्ट सांगायची, ती म्हणजे पंपाचं नाव. फॅक्टरीटॉकमध्ये बेस ऑब्जेक्टवर पॅरामीटर डिफाईन करायचा, समजा #१०२ (हा नुसता पॅरामीटरचा क्रमांक, पंप१०२ शी संबंध नाही), आणि आत सगळीकडे #१०२.रन, #१०२.ट्रिप असं लिहायचं, स्क्रीनवर ठेवल्यावर ग्लोबल ऑब्जेक्ट पॅरामीटर व्हॅल्यूजमध्ये जाऊन #१०२ समोर फक्त पंप१०१ चा टॅग भरायचा, संपलं. इग्निशनमध्ये हेच काम टॅगचा पाथ पॅरामीटर म्हणून पाठवून आत इनडायरेक्ट बाइंडिंग लावून होतं, म्हणजे त्या पाथवरून टॅग तिथल्या तिथे शोधला जातो.

पीएलसी जुना असेल, यूडीटीची सोयच नसेल, मॉडबस या जुन्या प्रोटोकॉलवर नुसते ४०००१ पासूनचे बिननावाचे रजिस्टर येत असतील, तर स्काडाच्या बाजूला टॅगचे फोल्डर पाडा, प्रत्येक पंपाला एक फोल्डर आणि आत मेंबरची नावं अगदी तंतोतंत तीच. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक चालत नाही, ‘ट्रिप’ आणि ‘ट्रिप्ड’ हे मशीनसाठी दोन वेगळे प्राणी आहेत.

पॅरामीटर किती ठेवायचे? आमच्या सिनिअरने एका वाल्वला चौदा ठेवलेत.

चौदा म्हणजे तो ऑब्जेक्ट नाही, फॉर्म आहे. दोन-तीन बास: टॅगचं नाव, स्क्रीनवर दिसणारं लेबल, आणि फार तर एखादा पर्याय जसं की स्पीड दाखवायचा की नाही. लेबल वेगळं ठेवण्यापेक्षा पीएलसीच्या टाईपमध्येच डिस्क्रिप्शनचा स्ट्रिंग ठेवला तर तोही पॅरामीटर लागत नाही. पॅरामीटर जितके जास्त तितक्या चुका भरायच्या जागा जास्त, साधा हिशोब आहे, चौदा पॅरामीटर आणि चाळीस वाल्व म्हणजे ५६० खाने आणि ते भरणारा माणूस संध्याकाळच्या कदंबा बसच्या वेळेकडे बघत बसलेला.

एका पंपाच्या ऑब्जेक्टमध्ये नक्की काय काय दाखवायचं?

इथे जरा थांबून बघू, कारण पंप नीट जमला की बाकी सगळं जमतं. समजा पाण्याचा प्लांट आहे, ओपा किंवा अस्नोडा डोळ्यासमोर आणा, रॉ वॉटरचे तीन पंप, दोन चालू एक स्टँडबाय. ऑपरेटरला लांबून काय कळायला हवं? चालू आहे की बंद. ट्रिप झालाय का. रिमोटवर आहे की खाली पॅनलवर कोणी लोकलला टाकून ठेवलाय. स्टार्ट दाबला तर सुरू होईल की इंटरलॉक अडवतोय. आणि पाचवी गोष्ट जी निम्मे लोक विसरतात: मला जे दिसतंय ते आत्ताचं आहे की कम्युनिकेशन तुटण्याआधीचं.

आपल्याकडे जून-जुलैमध्ये लाईट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको, लांबच्या पंप हाऊसची रेडिओ किंवा मोबाईल नेटवर्कची लिंक पडली की काही पॅकेजमध्ये शेवटची व्हॅल्यू तशीच चिकटून राहते, पंप निवांत ‘चालू’ दिसत राहतो आणि तिकडे संप (पाणी गोळा होण्याची खालची टाकी) भरून वर येतो. म्हणून ऑब्जेक्टमध्ये टॅगची क्वालिटी (व्हॅल्यू भरवशाची आहे की नाही ती खूण) तपासा, आणि जमलं तर पीएलसीकडून एक हार्टबीट, म्हणजे सतत बदलत राहणारा सिग्नल, घ्या, तो थांबला की पंपाच्या सगळ्या खुणा पुसून तिथे ठळक वेगळी खूण यायला हवी. फॅक्टरीटॉक एसईमध्ये टॅग मिळाला नाही तर ऑब्जेक्टचा नुसता वायरफ्रेम होतो, इग्निशन स्वतःहून ओव्हरले टाकतो, पण त्यावर विसंबून राहू नका, कारण आरटीयूची (लांबच्या पंप हाऊसमधल्या युनिटची) लिंक मेली तरी मधला पीएलसी जिवंत असतो आणि तो जुनीच व्हॅल्यू गुड क्वालिटीने देत राहतो.

आणखी एक. या सगळ्या अवस्थांसाठी पाच-सहा चित्रं एकावर एक ठेवून प्रत्येकाला व्हिजिबिलिटीचं एक्स्प्रेशन लावायची पद्धत आहे, ती करू नका. ट्रिप आणि लोकल दोन्ही एकदम आले की कुठलं वर दिसणार हे नशिबावर. त्यापेक्षा पीएलसीतच एक स्टेट नंबर काढा, ० बंद, १ सुरू होतोय, २ चालू, ३ थांबतोय, ४ ट्रिप, प्राधान्य काय ते तिथेच ठरवा, आणि ऑब्जेक्टने तो नंबर वाचून फक्त दाखवायचं. लॉजिक चित्रात गेलं की ते कोणाला सापडत नाही.

रंग कुठले? हिरवा चालू लाल बंद हे तर फिक्स आहे ना?

फिक्स काही नाही. प्रोसेसवाले चालूला हिरवा म्हणतात, इलेक्ट्रिकलवाले ब्रेकर क्लोज्ड (जोडलेला) म्हणजे लाईन जिवंत म्हणून लाल लावतात, आणि एकाच प्लांटमध्ये सबस्टेशनच्या स्क्रीनवर एक आणि यूटिलिटीच्या स्क्रीनवर उलटं असं सर्रास असतं. एचएमआयसाठी (ऑपरेटरच्या स्क्रीनसाठी) आयएसए-१०१ हे स्टँडर्ड २०१५ मध्ये आलं, ते पण रंग ठरवून देत नाही, तुमची स्टाईल गाईड बनवा आणि त्यावरून ऑब्जेक्टची टूलकिट बनवा असं सांगतं. हल्ली हाय परफॉर्मन्स पद्धतीत बॅकग्राउंड करडी, चालू-बंद करड्याच्या दोन छटा आणि भडक रंग फक्त अलार्मला. मला स्वतःला हीच पटते, पण क्लायंट पहिल्यांदा बघतो तेव्हा “स्क्रीन बंद पडलीय का?” असं विचारतो, त्याची तयारी ठेवा. काहीही निवडा पण नुसत्या रंगावर सोडू नका, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष बरेच असतात, सोबत अक्षर किंवा आकार बदलायला हवा. ग्लोबल ऑब्जेक्टचा मोठा फायदा इथे आहे की भांडण मिटल्यावर रंग एका जागी बदलता येतो.

बेस बदलला, सेव्ह केला, पण स्क्रीनवर जुनंच दिसतंय!

फॅक्टरीटॉक असेल तर उघडी असलेली स्क्रीन बंद करून परत उघडा. तरी नाही आलं तर रेफरन्सच्या प्रॉपर्टीज बघा: लिंक साईझ, लिंक अॅनिमेशन, लिंक कनेक्शन्स, लिंक टूलटिप. यातलं जे लिंक नाही ते त्या जागी स्वतंत्र झालंय, बेसचं ऐकणार नाही. लिंक अॅनिमेशनला तर तीन पर्याय आहेत, एक्स्प्रेशनसकट, एक्स्प्रेशनशिवाय आणि अजिबात नाही, तिथे कोणीतरी बदलून ठेवलेलं असतं.

सीमेन्सचं टीआयए पोर्टल असेल तर कारण वेगळं. तिथे टाईपला व्हर्जन असतं, एडिट केलं की नवीन व्हर्जन तयार होतं आणि ते रिलीज करून इन्स्टन्स अपडेट करेपर्यंत स्क्रीनवर जुनंच राहतं. आणि त्यानंतर पॅनलवर डाउनलोड पण करावं लागतं, हसू नका, हे विसरणारे लोक आहेत.

एकाच पंपाला एक जादा बटण हवंय. ब्रेक लिंक करू का?

त्या मोहात पडू नका. ब्रेक लिंक केलं की बेसशी नातं तुटून तो साधा ग्रुप होतो, परत जोडता येत नाही, आणि पुढच्या बदलाच्या वेळी हा पंप मागे राहिला हे कोणाच्या लक्षात येत नाही. जादा बटण ऑब्जेक्टच्या शेजारी स्क्रीनवर सुटं ठेवा. असे पंप तीन-चार असतील तर बेसमध्येच ते बटण टाका आणि पर्यायाच्या पॅरामीटरने लपवा. आणि वेगळेपण खूपच असेल, म्हणजे डोसिंग पंप ज्याला स्ट्रोक असतो, तर सरळ दुसरा बेस ऑब्जेक्ट बनवा, जगातल्या सगळ्या पंपांसाठी एकच ऑब्जेक्ट करायच्या नादात आत वीस व्हिजिबिलिटी लागतात आणि तो राक्षस कोणी उघडायला धजत नाही.

चाळीस पंपांना चाळीस पॉपअप करायचे का?

एकच. पॉपअपमध्ये पण प्लेसहोल्डर (टॅगच्या नावाची रिकामी जागा) ठेवा आणि उघडताना कुठल्या पंपासाठी ते पाठवा. फॅक्टरीटॉकमध्ये डिस्प्ले कमांडला पॅरामीटर फाईल किंवा सरळ टॅगची यादी जोडता येते, सिटेक्टमध्ये सुपर जिनी याच कामासाठी आहे (साधी जिनी कंपाइल होताना भरली जाते, सुपर जिनी चालू असताना). फॅक्टरीटॉकचं लायसन्स डिस्प्लेच्या संख्येवर असतं, त्यामुळे चाळीस वेगळे पॉपअप केले तर पैसे पण जातात.

धोका एकच आहे पण मोठा आहे. पॉपअप सगळे सारखेच दिसतात, ऑपरेटरने १०१ चा उघडा ठेवला, मग १०२ चा उघडला, फोन आला, आणि परत येऊन स्टॉप दाबला, कोणाचा? डिस्प्ले सेटिंग्जमध्ये एकाच वेळी अनेक कॉपी चालू द्यायच्या की नाही तो पर्याय असतो, मी शक्यतो एकच उघडू देतो. आणि पंपाचं नाव पॉपअपच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात, ते पण टॅगमधून आलेलं, हाताने लिहिलेलं नाही.

आम्ही फार्मात आहोत. एक बेस बदलला की सगळं परत व्हॅलिडेट (टेस्ट करून कागदावर सिद्ध) करायचं?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, वेर्ण्यात निम्मी पोरं फार्मातच आहेत. सगळं परत नाही, पण काहीच नाही असंही नाही. आधी फायद्याची बाजू: बेस ऑब्जेक्ट एकदा कसून टेस्ट केला, सगळ्या अवस्था, सगळी बटणं, युझर लेव्हल, तर मग प्रत्येक जागी फक्त बरोबर टॅग लागलाय का एवढं दाखवलं तरी क्यूएला (क्वालिटीवाल्यांना) पटवता येतं, गॅम्प ५ या फार्मातल्या गाईडचा जोखीम बघून टेस्ट ठरवायचा जो विचार आहे त्यात हे नीट बसतं. तोट्याची बाजू ही की बेसमधला अगदी छोटा बदल सुद्धा चाळीस ठिकाणी पोचतो, म्हणून चेंज कंट्रोलच्या फॉर्मवर “एक ऑब्जेक्ट बदलला” एवढं लिहून भागत नाही, तो कुठल्या कुठल्या स्क्रीनवर आहे ती पूर्ण यादी जोडावी लागते. क्रॉस रेफरन्स काढून ठेवा.

आणि ऑडिट ट्रेल. अमेरिकेच्या एफडीएचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ पासून आहे, कोणी कधी काय बदललं ते दिसलंच पाहिजे. आता तुमच्या ऑब्जेक्टमध्ये सेटपॉइंट बदलल्यावर जाणारा मेसेज “पंप स्पीड बदलला” असा ठोकून लिहिलेला असेल तर चाळीस पंपांची नोंद अगदी सारखी दिसणार आणि ऑडिटर विचारणार, कुठला पंप? मेसेजमध्ये पंपाचं नाव पॅरामीटरमधून आलं पाहिजे, जुनी व्हॅल्यू नवी व्हॅल्यू पण. हे डिझाईनच्या वेळी पाच मिनिटांचं काम, नंतर डेव्हिएशन, म्हणजे चूक झाल्याची लेखी नोंद.

ऑब्जेक्ट वापरल्यावर स्क्रीन स्लो झाली. का?

बहुतेक वेळा आत लपलेल्या गोष्टींमुळे. पुष्कळ पॅकेजमध्ये अदृश्य भागाचे टॅग सुद्धा वाचले जात असतात, म्हणून एका पंपात तीस टॅग आणि पानावर चाळीस पंप म्हणजे १२०० टॅग एकदम मागितले. रोज लागत नाही ते पॉपअपमध्ये हलवा. टॅगवर लायसन्स असलेल्या पॅकेजमध्ये, विनसीसी घ्या, अख्खा यूडीटी आत ओढला की लागत नसलेल्या मेंबरचे पण टॅग मोजले जातात, त्यामुळे यूडीटीत स्काडासाठीचा भाग वेगळा ठेवा. इग्निशनला टॅगची मर्यादा नाही म्हणून तिथे लोक बेफिकीर असतात, पण पर्स्पेक्टिव्हच्या एका पानावर शेकडो एम्बेडेड व्ह्यू टाकले तर ब्राउझर रडतोच.

लेबल मराठीत किंवा कोकणीत देता येतं का?

येतं, युनिकोड चालणारं पॅकेज आणि देवनागरी फॉन्ट हवा, आणि तो फॉन्ट ऑपरेटरच्या मशीनवर पण हवा, फक्त तुमच्या लॅपटॉपवर नाही. इंग्रजी मापाने बनवलेल्या चौकटीत ‘ट्रिपिंग’ किंवा ‘टाकी’ लिहिलं की वरच्या वेलांट्या कापल्या जातात, म्हणून चौकट थोडी उंच ठेवा आणि दोन जोडाक्षरांचा मोठा शब्द भरून बघा. हे बेसमध्येच करा. बाकी आपल्याकडे शिफ्टला ओडिशाचा, कर्नाटकाचा, सत्तरीचा असे सगळेच असतात, त्यामुळे टॅग नंबर इंग्रजी आकड्यात आणि खाली नाव, असं मिश्र जास्त चालतं.

तयार लायब्ररी असताना स्वतः का बनवायचं?

बनवू नका. रॉकवेलची प्रोसेस लायब्ररी, सीमेन्सच्या पीसीएस ७ ची एपीएल लायब्ररी, यात पीएलसीचा ब्लॉक, चित्र आणि पॉपअप तिन्ही जुळवून दिलेले असतात. मोठा प्लांट असेल तर तेच घ्या. छोट्या ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) मात्र ते फार जड होतं, एका पंपाला शंभरेक मेंबर, त्यातले वापरणार दहा. सिम्बॉल फॅक्टरीसारखी चकचकीत थ्रीडी चित्रं ही वेगळीच गोष्ट, ती नुसती चित्रं आहेत, मागे टॅग-बिग काही नाही, प्रेझेंटेशनला छान दिसतात.

जुना प्रोजेक्ट सगळा कॉपी-पेस्ट आहे. बदलावा का?

चालू प्लांटला नुसत्या शिस्तीसाठी हात लावू नका. पण नवीन लाईन जोडायचीय किंवा पीएलसी बदलतोय तर त्या भागापुरता करा, आणि गणेश चवथीच्या शटडाउनमध्ये सगळं एकदम करायचं स्वप्न बघू नका, अर्धे लोक गावी असतात आणि पॉइंट टेस्ट करायला फील्डवर कोणी मिळत नाही. एक स्क्रीन घ्या, पूर्ण करा, ऑपरेटरला महिनाभर वापरू द्या, त्याच्या तक्रारी बेसमध्ये घाला, मग पुढची.

व्हेंडरने फक्त रनटाईम दिलाय, बेस ऑब्जेक्ट उघडत नाहीत. आता?

हे फार चालतं. एका प्लांटमध्ये अख्खी ऑब्जेक्ट लायब्ररी पासवर्डने बंद, व्हेंडरचा माणूस नोकरी सोडून गेला, आणि एका वाल्वचं लेबल बदलायला पुण्याहून नवीन माणूस बोलवायचा तर त्याचं येणं-जाणं-राहणं सगळं प्लांटच्या डोक्यावर. एकदा असं झाल्यावर नवीन बनवणं हाच मार्ग उरतो, पॅकेजप्रमाणे थोडंफार बॅकअपमधून निघतं. म्हणून पुढच्या परचेस ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: एडिट करता येणारा पूर्ण प्रोजेक्ट, ग्लोबल ऑब्जेक्टच्या फाईली पासवर्डशिवाय, यूडीटीची यादी, आणि कुठला ऑब्जेक्ट कुठल्या स्क्रीनवर ते कागद. शेवटचं पेमेंट हे सगळं हातात येऊन आपल्या लॅपटॉपवर उघडून बघितल्यावरच. उघडून बघताना एक बेस बदलून स्क्रीनवर बदल येतो का ते पण बघा, कारण कधी कधी ग्लोबल ऑब्जेक्टचं फोल्डर भरलेलं असतं आणि स्क्रीनवर सगळे ब्रेक लिंक केलेले.